शाम्पूची पुडी : स्वस्त वेष्टन, अवघड विल्हेवाट

किराणा दुकानाच्या दर्शनी भागात लोंबणाऱ्या शाम्पूच्या पुड्यांच्या माळा हे भारतीय बाजारपेठेचे परिचित चित्र आहे. पूर्ण बाटली घेण्याची ऐपत नसलेल्या ग्राहकाला रुपया-दोन रुपयांत एका वेळेपुरता माल देणाऱ्या या वेष्टनाने ग्रामीण बाजारपेठ खुली केली. वापरानंतर त्याची विल्हेवाट कशी लावावी, हा प्रश्न मात्र अनुत्तरित आहे.

शाम्पूच्या पुडीच्या प्रयोगाचे श्रेय तामिळनाडूतील कडलूरचे उद्योजक चिन्नी कृष्णन यांना दिले जाते. त्यांचे पुत्र सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये ‘चिक’ हा शाम्पू पुडीतून बाजारात आणला. पुढे मोठ्या कंपन्यांनीही तोच मार्ग स्वीकारला. तळहातापेक्षा लहान जागेत नाममुद्रा ठसवायची असल्याने ठळक रंग आणि सुटसुटीत चित्र हीच या वेष्टनाची ओळख ठरली. अक्षरओळख नसलेला ग्राहकही रंगावरून आपला माल मागू लागला.

पुडीचे पातळ वेष्टन सामान्यतः अनेक थरांचे असते. बाहेरील पॉलिस्टरवर छपाई होते, मधला अ‍ॅल्युमिनियमचा थर ओलावा व सुगंध राखतो, तर आतील पॉलिथिलीन उष्णतेने चिकटून तोंड बंद करते. पॉलिथिलीन साधारण ११० ते १३० अंश, तर पॉलिस्टर सुमारे २५० अंश सेल्सिअसला वितळते. त्यामुळे एकमेकांना चिकटलेले हे थर एकत्र वितळवून उपयुक्त प्लॅस्टिक मिळत नाही. शिवाय एक किलो वजन भरण्यासाठी हजारांहून अधिक रिकाम्या पुड्या लागत असल्याने कचरावेचकांना त्या गोळा करणे परवडत नाही.

गुटखा, तंबाखू व पानमसाल्यासाठी प्लॅस्टिकच्या पुड्या वापरण्यास २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी मनाई केली. फेब्रुवारी २०२२ मधील दुरुस्तीने उत्पादकांची विस्तारित जबाबदारी निश्चित केली. त्यानुसार लवचीक आणि बहुस्तरीय वेष्टनांच्या पुनर्चक्रणाचे किमान प्रमाण २०२४-२५ मध्ये ३० टक्के असून २०२७-२८ पर्यंत ते ६० टक्क्यांवर न्यायचे आहे.

या दडपणातून एकाच जातीच्या प्लॅस्टिकचे थर असलेली वेष्टने पुढे येत आहेत. सर्व थर पॉलिथिलीनचे असल्यास पुनर्चक्रण सुलभ होते. मात्र तोंड बंद करताना बाहेरील थर वितळू नये, यासाठी यंत्राचे तापमान काटेकोर राखावे लागते. गडद शाईमुळे पुनर्चक्रित प्लॅस्टिक काळपट होत असल्याने छपाई कमी ठेवण्याचाही आग्रह वाढला आहे. रंगावर उभी राहिलेली ओळख रंग कमी करून टिकवणे, ही संकल्पकांची खरी कसोटी आहे.

तथापि, पुनर्चक्रणास योग्य पुडीही गटारात पडून राहिल्यास तिचा उपयोग शून्य. वेष्टनातील सुधारणेइतकीच ते गोळा करणाऱ्या हातांना मिळणारी रास्त किंमतही महत्त्वाची आहे.