कार्डात भरलेली गाणी

म्युझिक प्लेयरचा इतिहास बहुतेकदा आयपॉडच्या विजयाचा म्हणून सांगतात: ऑक्टोबर २००१, ५ जीबी, खिशात १००० गाणी. डोंबिवलीत मी लहानपणी पाहिलेला इतिहास निराळा आहे. इथे जिंकलं ते मेमरी कार्ड.

माझ्या मते प्रश्न जागेचा नव्हताच, गाणं दुसऱ्याला देता येतं का हा होता. आयपॉडमध्ये गाणं आयट्यून्समधूनच जायचं, आणि आत गेलं की लपवलेल्या फोल्डरमध्ये चार अक्षरांच्या अगम्य नावाने पडून राहायचं. सोनीचे सुरुवातीचे नेटवर्क वॉकमन तर एमपी३ थेट वाजवतच नसत. आधी सोनीच्या अ‍ॅट्रॅकमध्ये बदलून घ्या. मायक्रोसॉफ्टच्या झूनवरून (२००६) वायफायने मित्राला गाणं पाठवता यायचं, पण सुरुवातीला ते ३ दिवसांत किंवा ३ वेळा ऐकून संपायचं. शेजारणीला वाटीभर साखर देऊन वर मुदत घालावी तसं!

सोनी एरिक्सनचा डब्ल्यू८०० (२००५) मात्र केबल लावली की फाइल सरळ आत घ्यायचा. वर एफएम, जो आयपॉड नॅनोमध्ये २००९ साली आला. मग स्वस्त फोन आले, मोबाइलची दुकानं कार्ड भरून देऊ लागली, आणि शाळेत आम्ही फोन शेजारी-शेजारी धरून ब्लूटूथवर गाणी वाटू लागलो. गायक-संगीतकारांना यातून दमडी मिळत नव्हती. कंपन्यांची कुलपं अगदीच बिनकारण नव्हती.

झूनचे प्लेयर २०११ साली बंद झाले. मुदतीची कल्पना मात्र स्ट्रीमिंगच्या वर्गणीत आहेच: पैसे थांबले की डाउनलोड केलेलं गाणंही वाजत नाही.