‘आयलँड’मधील मुका ‘एस्’

इंग्रजीचे पहिले धडे गिरवणारा मुलगा बेटाला ‘इस्-लँड’ म्हणतो. मास्तर ‘आय्-लँड’ असें सुधारून देतात, ‘एस्’ मुका आहे म्हणून सांगतात, आणि धडा पुढें सरकतो. वास्तविक येथें मुलाचा अपराध थोडा आणि लिपीचा फार. तो ‘एस्’ या शब्दाच्या घरचा नव्हेच!

सॅक्सन काळच्या इंग्रजींत बेटाला ‘ईय’ असा शब्द असे. त्याच्या मुळाशीं पाणी आहे. लॅटिनमधील ‘अक्वा’ त्याचाच दूरचा आप्त. (आपल्या ‘द्वीप’ शब्दांतही ‘अप्’ म्हणजे पाणीच दडलेलें आहे.) थेम्सच्या मुखाजवळील ‘शेप्पी’, म्हणजे मेंढ्यांचें बेट, या नांवाच्या शेवटीं तो जुना शब्द अजून तग धरून आहे. त्यालाच ‘लँड’ जोडून ‘ईयलँड’ झाला. शब्दाचे तुकडे दोन. आघात पहिल्यावर, म्हणून दुसऱ्यांतील स्वर बोलतांना चेपला जातो. मधें ‘स’कार कोणीं कधीं उच्चारलाच नाहीं.

मग तो आला कोठून? फ्रेंचांचा ‘ईल’ हा शब्द लॅटिन ‘इन्सुला’पासून निघालेला. बोलण्यांतून ‘स’ गेला होता, तरी लॅटिनच्या अभिमानानें पंडित लिहितांना तो ठेवीत. तें रूप इंग्रजींत ‘आइल’ म्हणून रुजलें. ‘आइल’ आणि ‘आयलँड’ यांचा अर्थ एक, ध्वनि जवळचा; नातें मात्र कांहींच नाहीं. तरी विद्वानांनीं तें जुळवलें आणि परक्याचा ‘एस्’ सॅक्सन शब्दांत बसवला. १६११ च्या बायबलांत ‘एस्’ नाहीं. १६२३ सालीं छापलेल्या शेक्सपिअरच्या ‘टेंपेस्ट’ नाटकाच्या स्थलनिर्देशांत तो आहे. १७०० च्या सुमारास तो कायम झाला. गंमत अशी कीं, पुढें अठराव्या शतकांत फ्रेंचांनीं स्वतःचा ‘एस्’ टाकून स्वरावर टोपीसारखी खूण घातली. ज्यांचा माल, त्यांनीं तो परत घेतला. उसनवारी करणाऱ्यांनीं जपून ठेवला.

अमेरिकन कोशकार नोआ वेब्स्टर याला हें सहन झालें नाहीं. १८२८ च्या आपल्या कोशांत त्यानें हा समास हास्यास्पद ठरवला. त्याचा अर्थ ‘पाण्यांतील जमीन-जमीन’ असा होतो, आणि लोकांच्या तोंडचा खरा शब्द सॅक्सनच आहे, असें त्याचें म्हणणें. ‘एस्’वांचून लिहावें, हा त्याचा आग्रह. ‘कलर’मधील ‘यू’ त्याच्या सांगण्यावरून अमेरिकेनें गाळला. बेटाचा ‘एस्’ मात्र तिनेंही सोडला नाहीं.