‘हा-गो’ : हलक्या रणगाड्याची जड किंमत

दौंडहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग जनावरांच्या बाजारासाठी परिचित असलेल्या काष्टीवरून अहिल्यानगरला (पूर्वीचे अहमदनगर) पोहोचतो. या शहरातील लष्कराच्या रणगाडा संग्रहालयाची स्थापना १९९४ मध्ये झाली. चर्चिल, सेंच्युरियन अशा धिप्पाड रणगाड्यांच्या पंक्तीत तेथे एक लहानखुरे जपानी वाहन उभे आहे. ते म्हणजे ‘टाइप ९५ हा-गो’.

जपानचा आधीचा ‘टाइप ८९’ रणगाडा संथ होता. मालमोटारींतून पुढे सरकणाऱ्या पायदळाबरोबर त्याला राहता येईना. म्हणून १९३५ मध्ये, म्हणजे जपानी राजशकाच्या २५९५ या वर्षी, हा हलका रणगाडा स्वीकारण्यात आला. नावातील ९५ हा आकडा त्याच वर्षाचा. वजन सुमारे ७.४ टन, १२० अश्वशक्तीचे हवेने थंड होणारे डिझेल इंजिन, ताशी सुमारे ४५ किलोमीटर वेग आणि ३७ मिलिमीटरची तोफ. तिघांपैकी तुकडीप्रमुख बुरुजात एकटाच असे. टेहळणी करणे, तोफ भरणे व डागणे ही सारी कामे त्याच्याच माथी होती. चिलखताची कमाल जाडी मात्र अवघी १२ मिलिमीटर!

मलायात ब्रिटिशांकडे रणगाडेच नव्हते. ७ जानेवारी १९४२ रोजी स्लिम नदीच्या लढाईत ‘ची-हा’ व ‘हा-गो’ रणगाड्यांनी अकराव्या भारतीय डिव्हिजनची फळी उद्ध्वस्त केली. मार्च १९४४ मध्ये ब्रह्मदेशातील तामूजवळ गाठ पडली ती ७५ मिलिमीटर तोफेच्या ‘ली’ रणगाड्यांशी. तेथे ‘हा-गो’चा टिकाव लागला नाही. समोर रणगाडा नसेपर्यंतच ते पातळ चिलखत पुरेसे होते.

फाइन मोल्ड्स, ड्रॅगन आदी कंपन्यांनी या रणगाड्याच्या १:३५ प्रमाणातील प्रतिकृतींचे संच काढले आहेत. मूळ ४.३८ मीटर लांबी त्यात साडेबारा सेंटिमीटर होते. याच प्रमाणात १२ मिलिमीटरचे चिलखत जेमतेम ०.३४ मिलिमीटर भरेल. इतके पातळ प्लॅस्टिक सहसा ओतले जात नाही. एक मिलिमीटर जाडीचा सुटा भाग मूळ मापात ३५ मिलिमीटरचा ठरतो. म्हणजे टेबलावरची प्रतिकृती प्रमाणाच्या हिशेबाने खऱ्या रणगाड्याहून भक्कम! आकार, रंग, खिळे यांचा अभ्यास प्रतिकृतीवरून उत्तम होतो. आतल्या तिघांचे प्राण किती पातळ पत्र्याच्या भरवशावर होते, हे समजण्यासाठी मात्र मूळ रणगाडाच पाहायला हवा.