भीती शार्कची, मृत्यू जेलीफिशचा

समुद्रातले भय म्हटले की डोळ्यांपुढे शार्कचा जबडा येतो. पण माणूस ज्याला भितो आणि ज्याच्यामुळे मरतो, ते प्राणी निराळे असू शकतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडचा इतिहास हेच सांगतो.

20 जानेवारी 1955 रोजी तिथल्या कार्डवेल गावी उथळ पाण्यात उतरलेला पाच वर्षांचा मुलगा काही मिनिटांत दगावला. अंगावर चाबकाने ओढावेत तसे वळ होते. अशा मृत्यूंचे खापर तोवर ‘पोर्तुगीज मॅन-ऑफ-वॉर’ या निळ्या, तरंगत्या, सहज दिसणाऱ्या जीवावर फुटे. केर्न्सचे डॉ. ह्यूगो फ्लेकर यांना ते पटत नव्हते. त्यांनी पोलिसांना तिथे जाळी ओढायला लावली. जाळ्यात चौकोनी घंटेच्या आकाराची, पाण्यात जवळपास न दिसणारी जेलीफिश सापडली. रोनाल्ड साउथकॉट यांनी 1956 मध्ये तिला ‘कायरोनेक्स फ्लेकरी’ हे नाव दिले. कायरोनेक्स म्हणजे ‘मारेकऱ्याचा हात’.

दुसरे कोडे याहून अवघड होते. काही जणांच्या अंगावर डंखाची खूण जेमतेम दिसे. पण अर्ध्या तासाने कंबर मोडल्यासारख्या वेदना, उलट्या, घाम सुरू होई. फ्लेकर यांनी 1952 मध्ये या विकाराला तिथल्या आदिवासींच्या नावावरून ‘इरुकांजी’ म्हटले. त्याचे कारण डॉ. जॅक बार्न्स यांनी 1961 मध्ये पकडले. नखाएवढी जेलीफिश! खात्रीसाठी त्यांनी तिचा डंख स्वतःला, एका जीवरक्षकाला आणि स्वतःच्या शाळकरी मुलालाही दिला. तिघेही रुग्णालयात पोचले, सुदैवाने वाचले. बापाच्या या निष्ठेपुढे मान झुकते, पण मुलाचा विचार मनातून जात नाही.

पुढच्याच वर्षी, 1962 मध्ये, क्वीन्सलंड सरकारने शार्कसाठी किनाऱ्यांवर जाळी लावली. शार्कचा धोका खोटा नव्हता; आदल्या वर्षी माणसे मेली होती. पण त्या मोठ्या छिद्रांतून जेलीफिश सहज आत येई. 1883 पासून ऑस्ट्रेलियात कायरोनेक्सने साठांहून अधिक बळी घेतल्याची नोंद आहे.

उपाय मात्र साधेच निघाले. जीवरक्षक बायकांचे पातळ नायलॉनचे लांब मोजे घालून पाण्यात उतरू लागले, कारण त्याने डंखापासून बचाव होई. व्हिनेगर ओतले, तर कातडीला चिकटलेल्या न फुटलेल्या विषपेशी निकामी होतात, हे 1980 मध्ये सिद्ध झाले. आज तिथल्या किनाऱ्यांवर खांबाखांबाला व्हिनेगरची बाटली असते. शत्रू नेमका कोण, हे कळल्यावरच ती तिथे आली.