बे दुणे चार आणि गुणसूत्र

बे एके बे, बे दुणे चार. पाढे घोकताना 'दुणे' म्हणजे काय, असा प्रश्न आपल्याला पडत नाही. मूळ शब्द 'द्विगुण'. प्राकृतातून येताना त्यातला 'ग' झिजला आणि मराठीत 'दुणा' उरला. 'आनंद दुणावला' म्हणतो, तोही हाच.

या 'दुणे'मध्ये लपलेला गुण परीक्षेतला नव्हे, सद्गुणांतलाही नव्हे. संस्कृतात गुण म्हणजे दोरा, दोरीचा एक पदर. धनुष्याच्या दोरीलाही गुणच म्हणतात. दोरी दोन पदरांनी वळली की द्विगुण, तीन पदरांनी वळली की त्रिगुण. पदर मोजता मोजता शब्द पटीसाठी रुळला आणि पुढे गुणाकारात जाऊन बसला. स्वभाव, लक्षण हा आपल्या रोजच्या वापरातला अर्थही याच शब्दाचा. दोरा, पट आणि लक्षण असे तीन अर्थ या एका शब्दात आहेत. म्हणूनच 'गुणसूत्र' हा मला आपल्या शास्त्रीय परिभाषेतला सर्वांत भाग्यवान शब्द वाटतो.

मूळ युरोपीय शब्दाचे भाग्य एवढे मोठे नाही. १८८८ साली हाइनरिश वाल्डायर या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने 'क्रोमोसोम' हे नाव दिले. ग्रीक भाषेत 'क्रोमा' म्हणजे रंग आणि 'सोमा' म्हणजे शरीर. पेशीवर रंग घातला की सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातली गुणसूत्रे तो गडद शोषून घेतात, एवढेच त्या नावात आहे. ती काय काम करतात हे तेव्हा उलगडायचे होते. गुजरातीने हा रंग जपला. तिथे आजही 'रंगसूत्र' म्हणतात. आपल्याकडे 'गुणसूत्र' स्थिरावला. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते. म्हणीतला 'वाण' म्हणजे वर्ण, रंग. नाव ग्रीकमधून मराठीत आले तेव्हा रंग मागे राहिला आणि गुण लागला.

शब्द घडवणाऱ्यांच्या मनात गुण म्हणजे आनुवंशिक लक्षण, एवढेच असावे. पण पट हा अर्थ आपसूक सोबत आला, आणि १९०५ साली एदुआर्ड स्ट्रासबुर्गर यांनी गुणसूत्रांच्या संचांना नावे दिली ती नेमकी पटीचीच होती. 'हाप्लोस' म्हणजे एकेरी, 'डिप्लोस' म्हणजे दुहेरी. मराठीत ती एकगुणित, द्विगुणित, बहुगुणित झाली. पेशीत संच किती पदरी आहे, हे सांगणारे हे शब्द.

हे पदर पाहायचे तर धान्याच्या दुकानात जावे. खपली, बन्सी आणि लोकवन ही गव्हाची तीन पोती तिथे शेजारीशेजारी असतात. खपली आणि बन्सीच्या पेशीत २८ गुणसूत्रे, लोकवनच्या पेशीत ४२. रानटी गव्हाची मूळ गुणसूत्रे १४, म्हणजे ७ जोड्या. माणूस शेती करू लागण्याच्या कितीतरी आधी या गव्हाचा १४ गुणसूत्रांच्याच एका रानगवताशी संकर झाला. असा संकर सहसा वांझ ठरतो, कारण बीजपेशी घडताना प्रत्येक गुणसूत्राला आपला जोडीदार लागतो आणि परक्या घरातला चालत नाही. इथे मात्र सगळा संचच दुणावला. प्रत्येकाला जोडीदार मिळाला, रोप फळले आणि २८ गुणसूत्रांचा गहू उभा राहिला. दाण्याला टरफल घट्ट धरून ठेवणारी आपली खपली याच घराण्यातली. रव्याची, शेवयांची बन्सीही तिथलीच.

पुढे आठ-दहा हजार वर्षांपूर्वी, कॅस्पियन समुद्राच्या आसपास, शेतातल्या या गव्हाला आणखी एक रानगवत भेटले. त्याची १४ मिळून ४२ झाली. कणीक ताणली तरी तुटू नये, ही चिवट लवचीकता मुख्यतः या तिसऱ्या गवताची देणगी. पुरणाची पोळी फाटत नाही तेव्हा त्या अनाम गवताची आठवण व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते. 'लोकवन'च्या नावात मात्र वन नाही. भावनगर जिल्ह्यातल्या सणोसरा येथील लोकभारती संस्थेत तयार झालेला 'लोक-१' हा वाण. त्यातल्या एकाचा इंग्रजी 'वन' बाजारात नावाला चिकटला.

संच वाढला की फळतेच असे नाही. रानकेळीत २२ गुणसूत्रे आणि दातांखाली येणाऱ्या टणक बिया असतात. जळगावहून येणाऱ्या केळ्यात ३३ असतात. तीन संचांच्या जोड्या लागत नाहीत, म्हणून बी धरत नाही. मधोमध दिसणारे बारीक काळे ठिपके म्हणजे न झालेल्या बिया. अशी केळ मुनव्यांनी किंवा ऊतिसंवर्धित रोपांनी लावावी लागते. त्यामुळे सारी बाग एकाच झाडाची नक्कल असते आणि एकाला मारणारा रोग सगळ्यांना मारू शकतो.

माणसाची गुणसूत्रे ४६. पण तीस वर्षांहून अधिक काळ ४८ हा आकडा पुस्तकांत छापला जात होता. तो १९५६ साली ज्यो हिन त्यो आणि अल्बर्ट लेव्हान यांनी दुरुस्त केला. तीनच वर्षांनी पॅरिसमध्ये झेरोम लेझ्यून, मार्थ गोतिए आणि रेमों त्युर्पँ यांनी दाखवून दिले की डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशीत ४७ गुणसूत्रे असतात; २१ क्रमांकाचे दोनऐवजी तीन. गव्हाला २८ वाढली तरी पेलली, मग माणसाला एक का जड जावे? दोरीचे सगळेच पदर सारखे जाड झाले तर पीळ टिकतो. एकच पदर जाड झाला तर बिघडतो. एका गुणसूत्रावरची शेकडो जनुके दीडपट काम करू लागतात, बाकीची होती तशीच राहतात, आणि तोल ढळतो.

या मुलांना आधी मिळालेले नाव क्रूर होते. १८६६ साली जॉन लँग्डन डाउन यांनी त्यांच्या चेहऱ्यांची तुलना मंगोल लोकांशी केली आणि तेच नाव शतकभर चालले. मराठीतही ते 'मंगोलिकता' होऊन उतरले. १९६१ साली आनुवंशिकीच्या काही अभ्यासकांनी 'लॅन्सेट'मध्ये पत्र लिहून ते सोडून द्या म्हटले, १९६५ साली मंगोलियाने जागतिक आरोग्य संघटनेकडे तशी मागणी केली, आणि ते मागे पडले.

आपल्याकडे एक शब्द अजून उरला आहे: 'गुणसूत्रदोष'. तिसरे २१वे गुणसूत्र कुणाचाही दोष नाही. आईचा नाही, बापाचा नाही, मुलाचा तर नाहीच. लिहिणाऱ्यांनी आणि बोलणाऱ्यांनी हा शब्द सोडावा. 'एक गुणसूत्र जास्त आहे' एवढे म्हणावे.