जुनी जीप आणि नवें एंजिन

राजांच्या तलवारी आणि सरदारांचीं पागोटीं जपून ठेवण्याची आपल्याकडे चाल आहे. परंतु ज्या वस्तूंनीं सामान्य माणसाचा संसार ओढला, त्यांचा इतिहास लिहून ठेवण्याची चाल नाहीं. बैलगाडीची धाव कोणीं चढविली, मोडलेला आरा कोणीं बदलला, तुंबा केव्हां नवा बसविला, ह्याची नोंद कोणत्याही बखरींत सांपडत नाहीं. तरी त्या दुरुस्त्यांवांचून गांवचा कापूस बाजारापर्यंत पोंचला नसता. बैलगाडीच्या मागून ज्या वाहनानें यवतमाळ जिल्ह्याचे रस्ते, किंबहुना रस्त्यांचा अभाव, सोसला त्या जीपगाडीची कथाही अशीच अलिखित राहिली आहे. ती थोडक्यांत वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे.

दारव्हा रस्त्यावरील दुरुस्तीच्या एका कारखान्यांत आम्हीं एक जीप पाहिली. तिची चासी एका गाडीची, पुढचा आंस दुसरीचा, एंजिन तिसरीचें आणि गिअरची पेटी चौथीची होती. ह्यांत मूळची गाडी किती उरली, असें आम्हीं मिस्त्रीस विचारलें. ते हात पुसत म्हणाले, "भाऊ, रोज वावरात जाते न ते? मंग मूळचीच समजा." उत्तर प्रथम विनोदाचें वाटलें, पण घरीं येऊन विचार करतां त्यांत इतिहासाचें एक सत्य आहे असें आम्हांस दिसून आलें.

जीपचा जन्मच मुळीं उसनवारीवर झाला. १९४० च्या उन्हाळ्यांत अमेरिकन सैन्यानें चारही चाकांस गति असलेल्या हलक्या टेहळणी-मोटारीची मागणी केली आणि पहिला नमुना अवघ्या ४९ दिवसांत हवा, अशी अट घातली. पेनसिल्व्हेनियांतील बटलर गांवची बँटम ही लहानशी कंपनी पुढें सरसावली. कार्ल प्रोब्स्ट नांवाच्या अभियंत्यानें नकाशे काढले, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजीं गाडी सैन्याच्या हवालीं झाली. एवढ्या अवधींत प्रत्येक भाग नवा घडविणें अशक्यच होतें. म्हणून एंजिन काँटिनेंटल कंपनीचें घेतलें, आणि आंस स्पायसर कंपनीनें स्टुडबेकर मोटारीच्या आंसांत फेरफार करून दिले. पुढें विलिस कंपनीचें ६० अश्वशक्तीचें एंजिन पसंत पडलें, व युद्धकाळांत विलिस आणि फोर्ड ह्या दोन कंपन्यांनीं एकाच नमुन्यावर सहा लक्षांहून अधिक गाड्या बांधल्या. फोर्डनें आपल्या भागांवर, बोल्टांच्या माथ्यांवरसुद्धां, आपलें आद्याक्षर उमटविलें. तरी फोर्डचा भाग विलिसला आणि विलिसचा फोर्डला बसत असे. दोन मोडक्या गाड्यांतून एक चालती गाडी उभी करतां येणें, हा त्या रचनेचा मोठाच लाभ होता. तेव्हां भागांची अदलाबदल हा जीपला मागाहून जडलेला दोष नव्हे. तो तिचा कुळाचार आहे.

युद्ध संपतांच सैन्याचा उरलेला माल ‘डिस्पोजल’ म्हणून आपल्या बाजारांत आला, आणि त्यांत जीपगाड्याही होत्या. स्वतंत्र हिंदुस्थानांतील पहिल्या मोठ्या राजकीय गवगव्याचा विषयही जीपच ठरली, ही गोष्ट वाचकांपैकीं कांहींच्या स्मरणांत असेल. १९४८ सालीं काश्मीरच्या युद्धासाठीं लंडनमधील आपल्या हायकमिशनरांमार्फत दुरुस्त केलेल्या जुन्या जीपगाड्यांचा सौदा झाला. त्यांपैकीं १५५ गाड्या येथें पोंचल्या. त्या कामाच्या नाहींत अशी ओरड संसदेपर्यंत गेली आणि १९५५ सालीं सरकारनें तें प्रकरण संपल्याचें जाहीर केलें. त्याच सुमारास महिंद्र कंपनीनें मुंबईंत माझगांव येथें विलिसचे सुटे भाग आणवून जीप जुळविण्यास आरंभ केला.

यवतमाळ जिल्ह्यांत जीप घरोघरच्या ओळखीची झाली ती सरकारी कामाच्या निमित्तानें. २ ऑक्टोबर १९५२ रोजीं देशांत सामुदायिक विकास योजना सुरू झाली. पुढें महाराष्ट्रांत लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करण्यासाठीं जी समिति नेमली गेली, तिचे अध्यक्ष ह्याच जिल्ह्यांतील पुसदजवळच्या गहुली गांवचे वसंतराव नाईक होते. तिच्या शिफारशींवरून केलेला कायदा १९६१ चा, आणि जिल्हा परिषदा व पंचायत समित्या १ मे १९६२ पासून कामास लागल्या. गटविकास अधिकाऱ्याची जीप ही त्या नव्या राज्यकारभाराची जणूं खूणच होऊन बसली. धुळीचा लोट दिसला कीं मुलें रस्त्यावर धांवत.

येथील काळ्या जमिनीची ज्यांस ओळख आहे, त्यांस जीपचें महत्त्व निराळें सांगावयास नको. उन्हाळ्यांत ही जमीन हात जाईल एवढी भेगाळते, आणि मृगाच्या दोन सरी पडतांच लोण्यासारखी चिकट होते. पांदणीच्या चिखलांत मागच्या दोन चाकांवर चालणारी मोटार जागच्या जागीं चाकें फिरवीत राहते. चारही चाकांस ओढ असेल तर पुढचीं चाकें गाडीस वर काढतात. म्हणून सरकारी गाड्या निकामी ठरून लिलावांत निघाल्या, तेव्हां शेतकऱ्यांनीं आणि जंगलांतील ठेकेदारांनीं त्या घेतल्या ह्यांत नवल नाहीं.

परंतु गाडी घेणें सोपें, पोसणें कठीण. जुनें पेट्रोल-एंजिन खादाड होतें, आणि १९७३ नंतर तेलाचे भाव चढले. डिझेल स्वस्त, आणि ट्रॅक्टरमुळें खेड्यांतल्या मिस्त्रीच्या हाताखालचें. खुद्द महिंद्र कंपनीनेंही प्रथम आपल्या ट्रॅक्टरच्या घराण्यांतील डिझेल-एंजिन जीपमध्यें बसविलें व मागाहून फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या रचनेचें घेतलें. कारखानदारानें जें केलें तेंच जिल्ह्याच्या मिस्त्र्यांनीं आपल्या अंगणांत, निंबाच्या झाडाला कप्पी बांधून केलें.

हें काम बाहेरून दिसतें तितकें ठोकाठोकीचें नाहीं. पेट्रोल-एंजिन आंतील मिश्रण सुमारें साडेसहा पटींनीं दाबतें. डिझेल-एंजिनांत हवा वीस पटींच्या आसपास दाबली जाते. एवढा दाब फिरवून एंजिन सुरू करण्यास सैनिकी जीपची ६ व्होल्टची बॅटरी पुरत नाहीं. १२ व्होल्टची लागते. एंजिन जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगला एखादा पाटा वाढवावा लागतो. एंजिन आणि गिअरची पेटी ह्यांच्या मध्यें जी लोखंडी तबकडी घालतात, तिचें मध्य केंसभर जरी चुकलें तरी क्लचचा दांडा कांहीं महिन्यांत आपले बेअरिंग खातो.

सर्वांत नाजूक बाब आंसाची. सैनिकी जीपच्या आंसांत मोठ्या चक्रास ३९ आणि लहानास ८ दांते असत. मागाहून निघालेल्या नागरी जीपच्या आंसांत ४३ आणि ८. दांत्यांचा हा फरक बाहेरून दिसत नाहीं. एखाद्यानें पुढें एक आणि मागें दुसरा बसविला तर गाडी दोन चाकांवर सुखानें चालते. परंतु चारही चाकें जोडतांच पुढचीं चाकें एका वेगानें व मागचीं दुसऱ्या वेगानें फिरूं पाहतात. चिखलांत चाकें घसरतात म्हणून ही चूक लपते. डांबरी रस्त्यावर ती लपत नाहीं आणि कोठली तरी दांतेरी चाकी तुटते. म्हणून जाणता मिस्त्री आंस उघडून दांते मोजल्यावांचून गाडीस हात लावीत नाहीं. हें ज्ञान त्याला कोणत्याही पुस्तकानें दिलेलें नाहीं; तुटलेल्या चाक्यांनीं दिलें आहे.

जुन्या देहांत नवा प्राण घालण्याचें काम ह्या जिल्ह्यांत रेल्वेनेंही केलें आहे. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी लोक प्रेमानें ‘शकुंतला’ म्हणत. मँचेस्टर येथें १९२१ सालीं बांधलेलें वाफेचें एंजिन तिला १९२३ पासून ओढीत होतें. १५ एप्रिल १९९४ रोजीं तें काढून तेथें डिझेल-एंजिन जोडलें गेलें. त्या दिवशीं ही शकुंतला नव्हे, असें कोणीं म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

कायद्याची दृष्टि मात्र निराळी आहे, आणि ती असावी हेंही योग्यच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम सांगतें कीं, निर्मात्यानें ठरविलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल मालकानें गाडींत करूं नये. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही हेंच निक्षून सांगितलें. जुलै २०२१ मध्यें पन्नास वर्षांवरील गाड्यांस ऐतिहासिक वाहन म्हणून नोंदण्याचा नियम निघाला. त्यांतही चासी, सांगाडा व एंजिन ह्यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. म्हणजे जी जीप कोणा हौशी गृहस्थाच्या गाडीखान्यांत झांकून राहिली ती ऐतिहासिक ठरते. आणि जी पन्नास वर्षें चिखल तुडवीत, अवयव बदलीत जगली, ती ठरत नाहीं. रस्त्यावरील जीवांच्या रक्षणासाठीं कायदा कडक असावा, ह्याविषयीं आमचें दुमत नाहीं. परंतु इतिहासकारानें कायद्याची व्याख्या उसनी घेण्याचें कारण नाहीं. न वापरलेली वस्तु निर्मात्याचा इतिहास सांगते. दुरुस्त केलेली वस्तु वापरणाऱ्यांचा सांगते.

तथापि ह्या कौतुकांत एक धोका आहे, आणि तो सांगितल्यावांचून हा लेख संपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. महागांव तालुक्यांतील फुलसावंगी गांवच्या एका तरुण वेल्डरनें मोटारीचें एंजिन बसवून स्वतःच्या हातांनीं हेलिकॉप्टर बांधलें. शाळा त्यानें लवकरच सोडली होती. ऑगस्ट २०२१ मध्यें, स्वातंत्र्यदिनाच्या कांहीं दिवस आधीं, रात्रीं चांचणी घेत असतां पातें तुटून त्याला लागलें आणि तो जागींच मरणोन्मुख झाला; वांचला नाहीं. वर्तमानपत्रांनीं त्याच्या बुद्धीची वाखाणणी केली आणि चार दिवसांनीं सर्व शांत झालें. आम्हांस मात्र राहून राहून वाटतें कीं, त्या हातांस कमी पडली ती बुद्धि नव्हे, तर मापून पाहणारा दुसरा डोळा. जीपच्या आंसांतील दांते मोजण्यास शिकविणारा वडील मिस्त्री असतो. त्याच्या विद्येंत त्याच्यापुढें गेलेला कोणीच नव्हता, आणि ज्यांच्यापाशीं तें ज्ञान होतें त्यांच्या दारापर्यंत त्याची वाट गेली नाहीं.

ही वाट बांधणें आपल्या हातीं आहे. जिल्ह्यांत तंत्रनिकेतन आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. तेथील विद्यार्थ्यांनीं सुटींत आपल्या तालुक्यांतील एकेका वृद्ध मिस्त्रीजवळ बसून त्याचीं मापें, त्याच्या युक्त्या आणि विशेषतः त्याच्या चुका लिहून घेतल्या, तर दुहेरी लाभ होईल: मिस्त्रीची विद्या त्याच्याबरोबर जळणार नाहीं, आणि विद्यार्थ्याचें गणित लोखंडास लागेल. कोणता बदल निर्धोक आणि कोणता घातक, ह्याचा निवाडा करण्यास परिवहन खात्यासही मग कांहीं आधार मिळेल.

दारव्हा रस्त्यावरील ती जीप आम्हीं मागाहून एकदां बाजाराच्या दिवशीं पाहिली. मागें पोतीं लादलेलीं होतीं, पुढें मालक आणि त्याची म्हातारी आई बसली होती. गाडी खडखडत होती, धूरही थोडा अधिक सोडीत होती. त्या धुरांतून ती दिसेनाशी होईपर्यंत आम्ही उभे राहिलों. तिच्या चारही आयुष्यांची हकीकत ज्याला ठाऊक आहे तो मिस्त्री आतां सत्तरीच्या पुढें गेला आहे. आणि त्याच्याजवळ वही नाहीं.