झडपवाहक नलिकेचा इतिहास : मांडीच्या धमनीने घातलेली मर्यादा

बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुक या गावाच्या शिवारातून निरा डावा कालवा जातो. या कालव्यास पाणी पुरविणाऱ्या भाटघर धरणाचे काम १९२८ साली पुरे झाले. त्यावरील स्वयंचलित दरवाजे पाण्याची पातळी ठराविक मर्यादेपलीकडे चढली म्हणजे आपोआप उघडतात आणि ती उतरली म्हणजे मिटतात. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी हे तत्त्व विसाव्या शतकाच्या आरंभी खडकवासल्यास प्रथम उपयोगात आणले होते. मानवी हृदयाच्या झडपाही अशाच दाबाच्या चढउतारावर, कोणाचा हात न लागता चालतात. परंतु धरणाचा दरवाजा बिघडला तर तो उघड्यावर, यारीच्या साह्याने उतरविता येतो. तोच दरवाजा घडी घालून शेतातल्या नळातून प्रवाहाच्या उलट दिशेने वर न्यावा, वाहत्या पाण्यातच उलगडावा आणि पाणी मात्र काही क्षणांपलीकडे अडू देऊ नये, अशी अट कोणी घातली असती तर पाटबंधारे खात्याने ती हसून फेटाळली असती. हृदयरोगचिकित्सेत गेल्या चाळीस वर्षांत जे घडले ते नेमकी हीच अट मान्य करून घडले आहे.

डाव्या निलयातून महारोहिणीत रक्त सोडणाऱ्या झडपेचे छिद्र निरोगी प्रौढात तीन ते चार चौरस सेंटिमीटर असते. वार्धक्यात चुन्याचे थर साचून ते एक चौरस सेंटिमीटरच्या आत आले आणि त्यामुळे धाप लागू लागली वा भोवळ येऊ लागली, तर पुढील आयुष्य बहुधा थोड्या वर्षांचेच उरते. १९६० पासून छाती उघडून कृत्रिम झडप बसविता येऊ लागली. तथापि ज्यांना या उपायाची निकड सर्वांत अधिक, त्या अतिवृद्ध व क्षीण रोग्यांनाच ती शस्त्रक्रिया सोसत नसे. रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नळी नेता येते हे जर्मनीत वेर्नर फोर्समान यांनी १९२९ मध्ये स्वतःच्याच दंडातील शिरेवर प्रयोग करून दाखविले होते. मात्र नळी नेणे वेगळे आणि नळीवरून झडप नेणे वेगळे.

या नळ्यांची जाडी 'फ्रेंच' नावाच्या मापाने मोजतात. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. (खुद्द फ्रान्समध्ये या मापाला ते प्रचारात आणणाऱ्या उपकरणकाराच्या नावावरून 'शारिएर' म्हणतात, परक्यांनी मात्र माणसाऐवजी त्याचा देश लक्षात ठेवला.) डेन्मार्कमधील हेनिंग रुड अँडरसन यांनी १ मे १९८९ रोजी डुकराच्या हृदयात फुग्यावर घट्ट मिटलेली झडप नेऊन बसविली तेव्हा त्यांचे साधन ४१ फ्रेंच, म्हणजे सुमारे साडेतेरा मिलिमीटर जाडीचे होते. माणसाच्या मांडीतील धमनी सामान्यतः सहा ते नऊ मिलिमीटरची, आणि वृद्धांत ती बहुधा वेडीवाकडी व कठीण झालेली असते. कल्पना सिद्ध झाली होती, पण तिला शरीरात शिरण्यास दारच नव्हते. पुढील सर्व इतिहास हा या दोन आकड्यांमधील अंतर तोडण्याचा इतिहास होय.

माणसावरील पहिला प्रयोग १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधील रुआन येथे आलँ क्रिबिए यांनी केला. रोगी ५७ वर्षांचा व मरणासन्न होता आणि त्याच्या पायांच्या धमन्या निकामी झालेल्या होत्या. म्हणून क्रिबिए यांनी मांडीच्या शिरेतून जाऊन, दोन अलिंदांमधील पडदा भेदून, रक्तप्रवाहाच्या दिशेनेच झडप पोहोचविली. शीर रुंद व लवचिक असल्याने २४ फ्रेंचची, म्हणजे आठ मिलिमीटरची नळी तीत मावते, हा या मार्गाचा लाभ. त्याची किंमत दुसरीकडे द्यावी लागे. मार्गदर्शक तारेचा फास डाव्या निलयात वळून जाई, आणि तो जरा ताणला की द्विदल झडप उघडी राहून रक्तदाब कोसळे. झडप त्या दिवशी उत्तम चालली. रोगी मात्र सुमारे चार महिन्यांनी पायाच्या विकाराच्या गुंतागुंतीतून दगावला. हा मार्ग सर्वांच्या हाताला साधण्याजोगा नव्हता. व्हँकूव्हर येथे जॉन वेब यांनी २००५ पासून टोक वळविता येणाऱ्या नलिकेच्या साह्याने मांडीच्या धमनीतून, प्रवाहाविरुद्ध जाण्याचा मार्ग रूढ केला. पेच सुटला, पण अरुंद वाटेचा प्रश्न पुन्हा समोर आला.

तो किती खरा होता हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने दाखविले. शस्त्रक्रियेस अपात्र ठरलेल्या ३५८ रोग्यांपैकी नुसत्या औषधोपचारावर व तत्सम उपायांवर ठेवलेल्यांत वर्षभरात ५०.७ टक्के मृत्यू पावले; नलिकेने झडप बसविलेल्यांत ३०.७ टक्के. इतका लाभ वैद्यकात क्वचितच दिसतो. पण पहिल्या तीस दिवसांत रक्तवाहिन्यांच्या मोठ्या इजा दुसऱ्या गटात १६.२ टक्के झाल्या, पहिल्यात १.१ टक्के. तेव्हाच्या नळ्या २२ आणि २४ फ्रेंचच्या होत्या.

जाडी कमी करावयाची तर काय पातळ करावयाचे? जनावराच्या हृदयावरणापासून केलेली पाकळी पातळ केली तर ती लवकर झिजण्याचे भय. दाबून अधिक घट्ट मिटली तर तंतूंना इजा. पोलादाच्या जागी कोबाल्ट-क्रोमियमचा सांगाडा आला. त्याच्या काड्या बारीक असूनही बळकट असल्याने काही मिलिमीटरांश वाचले. झडपेभोवतीची गळती थांबविण्यासाठी बाहेरून कापडी झालर लावली की वाचलेली जागा पुन्हा खर्ची पडते. नळी मऊ असेल तर ती महारोहिणीच्या कमानीत सहज वळते, पण कठीण झालेल्या जुन्या झडपेतून पुढे रेटता येत नाही. ताठ असेल तर रेटा मिळतो, आणि कमानीच्या भिंतीवरील चुन्याचे कण सुटून मेंदूकडे जाण्याचा धोका वाढतो.

सर्वांत चतुर आणि वादग्रस्त काटकसर फुग्याच्या जागेची होती. मिटलेली झडप फुग्यावर बसविली की दोहोंची जाडी एकत्र होते. म्हणून अमेरिकन एडवर्ड्‌स कंपनीच्या अभियंत्यांनी झडप फुग्याच्या मागे, नुसत्या दांड्यावर मिटविली आणि नलिका महारोहिणीत पोहोचल्यावर फुगा तिच्याखाली ओढून घेण्याची युक्ती काढली. प्रवेशनलिका सताणी, म्हणजे झडप जाताना क्षणभर फुलून पुन्हा आकसणारी झाली, आणि माप १४ फ्रेंचपर्यंत उतरले. साडेपाच मिलिमीटरची धमनीही त्यामुळे चालू लागली. मात्र शरीराच्या आत, कमानीच्या तोंडाशी, एक नाजूक जुळणी डॉक्टरच्या माथी आली.

दुसऱ्या घराण्याने फुगाच काढून टाकला. निकेल-टायटेनियमचा सांगाडा थंड पाण्यात मिटतो आणि शरीराच्या उबेत आपल्या मूळ आकारास येतो. तो हळूहळू उलगडत असल्याने जागा चुकली तर अर्ध्यावरून परत घेता येतो. फुग्याच्या झडपेस ही सोय नाही. मराठीत 'झडप' म्हणजे दाराचे झापड आणि 'झडप' म्हणजे ससाण्याची झेपही. फुग्याच्या पद्धतीत दुसरा अर्थ खरा होतो. हृदय मिनिटास १८० ते २०० ठोक्यांच्या कृत्रिम गतीने धावविले की रक्ताची धार मंदावते, आणि तेवढ्या काही सेकंदांतच काम उरकावे लागते. उलटपक्षी, आपोआप फुलणाऱ्या झडपांनंतर हृदयातील विद्युत्‌मार्ग दबून गतिप्रेरक यंत्र बसविण्याची पाळी अधिक वेळा येत असे.

या व्यवहारात भारताने घेतलेली भूमिका ध्यानात घेण्याजोगी आहे. भारतीय रोग्यांच्या धमन्या व झडपेची कडी सरासरीने पाश्चात्त्यांहून लहान असतात. महाराष्ट्राच्या सीमेलगत गुजरातमधील वापी येथे मेरिल या कंपनीने घडविलेल्या 'मायव्हाल' झडपेस २०१८ साली भारतात परवानगी मिळाली, २०१९ साली युरोपात. निकेल-कोबाल्ट मिश्रधातूच्या या झडपेची मापे नेहमीच्या तीन मिलिमीटरांऐवजी दीड मिलिमीटरच्या अंतराने आहेत. २० व २३ यांच्यामध्ये साडेएकवीस आहे. मोठे माप बळेच बसविले तर कडी फाटण्याचे भय, लहान बसविले तर गळती. त्यामुळे ही मधली पायरी कारागिरीचा डौल नव्हे. शिवाय येथे झडप शरीराबाहेरच थेट फुग्यावर मिटवितात आणि ती घसरू नये म्हणून फुग्याच्या आत दोन्ही बाजूंस उंचवटे ठेवले आहेत. जाडीतील थोडी काटकसर सोडून शरीरातील जुळणीची पायरी वाचविली, असा हा सौदा आहे. तो सर्व मापांत १४ फ्रेंचच्याच सताणी नलिकेत बसविला, हे त्यातील खरे अभियांत्रिकी यश म्हटले पाहिजे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७६८ रोग्यांच्या तौलनिक चाचणीत तीस दिवसांअखेर ही झडप प्रस्थापित झडपांहून उणी ठरली नाही.

२०१९ पासून कमी धोक्याच्या व तुलनेने तरुण रोग्यांतही ही पद्धत मान्य होत गेली आहे. चार महिने जगविण्यासाठी जी पाकळी प्रथम मिटविली गेली, तिने आता वीस वर्षे टिकावे अशी अपेक्षा केली जाते. आणि ती निकामी झाल्यास तिच्याच पोटात दुसरी झडप बसविण्यासाठी नलिकेला पुन्हा त्याच मांडीच्या वाटेने, पहिल्या सांगाड्याने अरुंद केलेल्या जागेत शिरावे लागते.